गोळीखाद्य सुरू केलं तरी गवत बंद करू नका
(अँगोरा ससे पाळणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी)

"नवं पोतं फोडलं आणि ससे गोळीला तोंडच लावेनात" ही तक्रार आमच्याकडे सारखी येते. माल खराब निघाला तर आम्ही बदलून देतोच. पण त्याआधी आम्ही एक विचारतो: सुका चारा कधीपासून बंद आहे? बहुतेकदा दुखणं तिथेच निघतं.

अँगोरा ससा दिवसभर अंग चाटतो आणि लोकर गिळतो. सशाला उलटी होत नाही, त्यामुळे ती लोकर लेंड्यांवाटेच बाहेर पडायला हवी. तिला पुढे ढकलतो तो लांब काडीचा चारा. आमच्या गोळीत 15 ते 16 टक्के तंतू आहेत, पण ते दळलेले असतात. गवताच्या काडीचं काम त्यांच्याने होत नाही. गवत थांबलं की जठरात लोकरीचा गोळा साचतो. ससा आधी गोळी सोडतो, लेंड्या बारीक होतात, कधी लोकरीत ओवल्यासारख्या पडतात. पाणी कमी पडलं तर हे लवकर होतं. कातरणीनंतर दोन महिने उलटले की लोकर लांब असते, तेव्हा जास्त जपा. अननसाच्या रसाने लोकर विरघळत नाही. 12 तास काहीच न खाल्लेला ससा त्याच दिवशी जनावरांच्या डॉक्टरांना दाखवा.

इगतपुरी-त्र्यंबककडचं वाळलेलं डोंगरी गवत उत्तम, ते पिंजऱ्यात कायम असू द्या. लसूणघास मूठभर द्या, पण गवताऐवजी नको. त्यात कॅल्शियम जास्त. फवारलेल्या द्राक्षबागेतलं तण आणि कांद्याची पात अजिबात नको.

कातरणीनंतर अंग उघडं पडतं, भूक वाढते. पहिला महिना मोठ्या सशाला रोज 170 ते 180 ग्रॅम गोळी द्या, तिसऱ्या महिन्यात 140 ते 150 पुरे. आठवड्यातून एक दिवस गोळी बंद, फक्त गवत आणि पाणी. गाभण व पाजणाऱ्या माद्या आणि पिल्लं यातून वगळा. खाद्य विकणारेच असं सांगतात याचं काहींना नवल वाटतं, पण पोट मोकळं असेल तरच ससा पुढच्या कातरणीला लोकर देईल.

पोतं संपलं म्हणून कोंबडीखाद्य देऊ नका. त्यात अनेकदा सॅलिनोमायसिनसारखं औषध असतं, ते सशाला विषारी. सरकी पेंडही नको. लोकर गंधकयुक्त प्रथिनांची बनते, म्हणून आम्ही गोळीत मेथिओनिन (गंधक असलेलं अमिनो आम्ल) वेगळं घालतो. दर थोडा जास्त आहे तो त्यामुळे. खाद्य बदलायचंच असेल तर आठवडाभर जुन्यात नवं थोडं थोडं वाढवत न्या.

पाच सशांना 25 किलोचं पोतं महिनाभर पुरतं. पावसाळ्यात त्याहून जास्त साठा करू नका, आम्हीही देत नाही. पोतं लाकडी फळीवर, भिंतीपासून वीतभर लांब ठेवा. डोंगरी गवताच्या पेंढ्या आमच्याकडे मिळतात. दोन दिवस आधी कळवलंत तर पोत्यांबरोबरच पाठवू.