किर्कबी, पेर

किर्कबी, पेर : (१ सप्टेंबर १९३८–९ मे २०१८). डॅनिश चित्रकार, शिल्पकार, कवी, निबंधकार व चित्रपटकार, शिक्षणाने भूवैज्ञानिक. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील स्कँडिनेव्हियन चित्रकलेत, डॅनिश चित्रकार आस्गर योर्न यांच्यानंतर, डेन्मार्कबाहेर सर्वाधिक चर्चा झालेला कलावंत म्हणून त्यांचा उल्लेख सामान्यतः केला जातो. त्यांच्या आडनावाचा डॅनिश उच्चार देवनागरीत नेमका उतरवता येत नाही. त्यातील अखेरचा स्वर ‘ई’ आणि ‘ऊ’ यांच्या मधला आहे. येथे मराठी वाचकाला सोयीचे रूप घेतले आहे.

किर्कबी यांचा जन्म कोपनहेगन येथे झाला. त्यांचे बालपण याच शहराच्या बिस्पेबियर्ग भागात, ग्रुंट्विग चर्चच्या परिसरात गेले. विटांनी बांधलेल्या या चर्चचा संबंध पुढे त्यांच्या शिल्पांशी जोडला जातो. १९५७ मध्ये त्यांनी कोपनहेगन विद्यापीठात निसर्गविज्ञानाच्या अभ्यासास प्रारंभ केला आणि १९६४ मध्ये आर्क्टिक प्रदेशाच्या भूविज्ञानात पदव्युत्तर पदवी मिळविली. विद्यार्थिदशेतच ते ग्रीनलंडमधील संशोधन-मोहिमांत सहभागी झाले होते. कलेचे औपचारिक अकादमी-शिक्षण त्यांनी घेतले नाही. १९६१ मध्ये पॉल गेर्नेस व ट्रोल्स अँडरसन यांनी कोपनहेगनमध्ये प्रायोगिक कलाशाळा (एक्स-स्कोलेन) सुरू केली होती. १९६२ मध्ये किर्कबी तिच्यात दाखल झाले. तेथे चित्रकला, मुद्राचित्रण, चित्रपट आणि सादरीकरण यांत भेद न करता सामुदायिक रीत्या काम चाले. १९६०–७० या दशकाच्या उत्तरार्धात ते फ्लक्सस या प्रयोगशील कलावंतांच्या आंतरराष्ट्रीय चळवळीच्या संपर्कात आले आणि न्यूयॉर्क येथे व्हिडिओ-कलावंत नाम जून पाइक व चेलोवादक शार्लट मूरमन यांच्यासमवेत सादरीकरणांत सहभागी झाले.

किर्कबी यांच्या चित्रांचा विचार भूविज्ञानाला वगळून करता येत नाही, यावर अभ्यासकांचे एकमत आहे; मतभेद आहे तो हे नाते कशा प्रकारचे, याविषयी. काहींच्या मते भूविज्ञानाने त्यांना विषय पुरविले : कडे, भेगा, हिमोढ (हिमनदीने आणून टाकलेले दगडमातीचे ढीग), बर्फाखालून उघडे पडलेले खडक. दुसऱ्या मताप्रमाणे भूविज्ञानाने त्यांना विषय नव्हे, तर काम करण्याची रीत दिली, आणि हेच मत अधिक ग्राह्य वाटते. चतुर्थ कल्पाचा, म्हणजे हिमयुगांच्या कालखंडाचा, अभ्यासक क्षेत्रात उभा राहतो तेव्हा त्याच्यासमोर दरडीचा एक उभा छेद असतो. त्यातील थर कोणत्या क्रमाने साचले, कोणता थर मध्येच वाहून गेला, कोठे वरचा भाग खचून खालच्यावर आला, हे त्याला उलट्या क्रमाने वाचावे लागते. किर्कबी रंगाचा एक थर देऊन तो वाळू देत, त्यावर दुसरा चढवीत, मध्येच खरवडून खालचा उघडा करीत आणि असे कित्येक दिवस, कधीकधी त्याहूनही दीर्घकाळ, चाले. आधी ठरविलेली आकृती अखेरच्या चित्रात शिल्लक राहीलच असे नसे. चित्र घडणे म्हणजे साचणे आणि ढासळणे, ही कल्पना त्यांच्या निबंधांतूनही पुन्हापुन्हा येते.

आरंभीची चित्रे मॅसोनाइट या दाबून केलेल्या लाकूडतंतूंच्या फळीवर असून त्यांचे माप १२२ × १२२ सेंमी. असे ठरलेले आहे. या एकाच चौरस मापाकडे ते पुढे अनेक दशके वळत राहिले. या फळीची गुळगुळीत बाजू कॅनव्हासप्रमाणे रंग शोषून घेत नाही व कुंचल्याखाली दबतही नाही. त्यामुळे रंग आत न मुरता वर बसून राहतो आणि प्रत्येक थराची कड स्वतंत्रपणे दिसते. आरंभीच्या फळ्यांवर तंबू, झोपड्या, कुंपणे, झाडे, स्त्रियांच्या छायाकृती आणि चित्रमालिकांतून उचललेल्या आकृती आढळतात, म्हणून त्या लोकप्रिय माध्यमांतील प्रतिमा वापरणाऱ्या पॉप कलेशी जोडल्या जातात; परंतु या आकृती एकमेकींवर ज्या रीतीने चढविलेल्या आहेत, ती रीत पॉप कलेची नाही. १९७०–८० या दशकापासून त्यांनी फळीला काळा रंग देऊन तिच्यावर खडूने रेखाटने केली. वर्गातल्या फळ्यासारख्या दिसणाऱ्या या कृतींत खडूच्या रेषा, अर्धवट पुसलेले पट्टे आणि त्यांवर पुन्हा काढलेले खडक वा झाडाचे बुंधे असे सर्व एकत्र राहते. जर्मन कलावंत योझेफ बॉइस यांच्या खडूने रेखाटलेल्या फळ्यांशी त्यांची तुलना केली जाते. तथापि भूविज्ञानाच्या अध्यापनात खडूने काढल्या जाणाऱ्या भूस्तरछेदांची आठवण त्याहून जवळची मानावी लागेल.

१९७०–८० या दशकाच्या मध्यापासून त्यांनी मोठ्या आकाराचे कॅनव्हास तैलरंगात रंगविण्यास प्रारंभ केला. याच सुमारास जर्मन कला-व्यापारी मिखाएल वेर्नर यांच्याशी त्यांचा संबंध जुळला आणि जर्मन चित्रकार गेओर्ग बाझेलित्स, मार्कुस ल्यूपर्त्स, ए. आर. पेंक यांच्या बरोबरीने त्यांचे नाव घेतले जाऊ लागले. यामुळे त्यांची गणना नव-अभिव्यक्तिवाद्यांत, म्हणजे भावनेचा आवेग ठळक आकृतींतून व रंगांतून मांडणाऱ्या चित्रकारांत, होते, पण ती सोयीची असली तरी पुरेशी नाही : त्यांच्या कॅनव्हासवर मनुष्याकृती क्वचितच मध्यभागी येते आणि रंगांतील हिरवे, तपकिरी, गेरू यांचे मिश्रण डॅनिश निसर्गचित्रांच्या एकोणिसाव्या शतकातील परंपरेकडे अधिक झुकते. जर्मनीतील कार्ल्सरूअ येथील कला अकादमीत १९७८ ते १९८९ आणि फ्रँकफुर्टच्या श्टेडेलशूल या कलाविद्यालयात १९८९ ते २००० या काळात ते प्राध्यापक होते. व्हेनिसच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात १९७६ मध्ये आणि कासेल येथील डॉक्युमेंटा प्रदर्शनात १९८२ व १९९२ मध्ये त्यांच्या कृती मांडल्या गेल्या. लेसो या, डेन्मार्क व स्वीडन यांच्यामधील कॅटेगॅट समुद्रातल्या, बेटावर त्यांचे घर व कार्यशाळा होती.

वीटशिल्पे : किर्कबी यांच्या कार्यातील हा भाग सर्वांत वादग्रस्त ठरला आहे. घराची आठवण करून देणाऱ्या, पण घर नसलेल्या या रचना साध्या भाजक्या विटांच्या आहेत. त्यांना दारे-खिडक्यांसारखी भोके, कोनाडे व मनोरे असतात. अनेकींना छत नसते, राहण्यासाठी वा साठवणीसाठी त्यांचा उपयोग नसतो आणि पुष्कळदा एका दारातून शिरून दुसऱ्यातून बाहेर पडावे एवढेच तेथे करता येते. भिंतीची लांबी, दाराची रुंदी आणि कोपऱ्याचा वळसा ही सर्व मापे विटेच्या मापाने ठरतात. काम गवंडी करतात. थर, सांधेमोड आणि विटांमधील दर्जा (फटी) भरणे हे सर्व नेहमीच्या बांधकामाप्रमाणेच असते. मोठ्या स्वरूपातील पहिली रचना ‘हूसेत’ (अर्थ : ‘घर’) ही डेन्मार्कच्या जटलंड द्वीपकल्पातील ईकास्त येथे १९७३ मध्ये उभी राहिली. जर्मनीत नॉइसजवळील होम्ब्रॉइख येथे त्यांच्या अशा रचनांचा एक संपूर्ण समूह आहे.

या शिल्पांचा उगम कशात आहे, याविषयी तीन मते आढळतात. पहिल्या मताप्रमाणे तो मध्य अमेरिकेतील प्राचीन माया संस्कृतीच्या वास्तुकलेत आहे. किर्कबी १९७१ मध्ये मध्य अमेरिकेत गेले होते, माया इमारतींविषयी त्यांनी लिहिले व रेखाटनेही केली, आणि ईकास्तची रचना त्यानंतर दोनच वर्षांनी झाली. हा कालक्रम या मताचा मुख्य आधार होय. दुसऱ्या मतानुसार त्यांचे मूळ १९६०–७० या दशकातील अमेरिकन मिनिमलिस्ट शिल्पांत, म्हणजे एकाच घटकाच्या पुनरावृत्तीत, शोधले पाहिजे. तिसरे मत स्वतः किर्कबी यांच्या आठवणींवर आधारलेले असून ते ग्रुंट्विग चर्चकडे बोट दाखविते. पी. व्ही. येन्सेन-क्लिंट यांच्या आराखड्यानुसार १९२१ मध्ये आरंभिलेले व १९४० मध्ये पूर्ण झालेले हे चर्च लक्षावधी फिकट पिवळ्या विटांचे असून आत-बाहेर कोठेही गिलावा नाही.

माया-मताला एक अडचण आहे. किर्कबी यांनी विटा हाताळण्यास १९६०–७० या दशकाच्या मध्यासच सुरुवात केली होती, म्हणजे मध्य अमेरिकेच्या प्रवासापूर्वी. तेव्हा प्रवासाने त्यांना सामग्री दिली असे म्हणता येत नाही. जाड भिंत, अरुंद दार आणि आत जवळजवळ नसलेली जागा हा आकार मात्र तेथून आला असणे संभवनीय आहे. मिनिमलिस्ट उगमाच्या मतालाही मर्यादा आहे, कारण त्या शिल्पांना आठवण नसलेली, कारखान्यातून आलेली सामग्री हवी होती, तर डेन्मार्कमध्ये विटेला दीर्घ इतिहास आहे. बॉर्नहोम बेट सोडल्यास या देशात कठीण बांधकामाचा दगड फारसा नाही, आणि बाराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून, रिंगस्टेड व सोरो येथील चर्चपासून, मोठ्या इमारती विटेनेच उभ्या राहिल्या. बालपणीच्या चर्चला प्राधान्य देणारे मत म्हणूनच अधिक भक्कम ठरते, जरी कलावंताच्या स्वतःविषयीच्या कथनावर किती विसंबावे हा प्रश्न उरतोच.

या चर्चेत एका गोष्टीकडे सहसा लक्ष दिले जात नाही. डॅनिश विटेची माती बव्हंशी हिमनद्यांनी व त्यांच्या वितळलेल्या पाण्याने आणून टाकलेली आहे. चुनखडीचे प्रमाण अधिक असलेल्या मातीची वीट पिवळी भाजते, लोह अधिक व चुना कमी असलेल्या मातीची लाल. ज्या निक्षेपांचा (साचलेल्या थरांचा) किर्कबी यांनी विद्यार्थी म्हणून अभ्यास केला, त्याच प्रकारच्या निक्षेपांतून त्यांची शिल्पे घडली आहेत. वीट आणि चित्र यांना जोडणारा दुवा शोधायचा तर तो येथे शोधणे उचित ठरेल.

ब्राँझ शिल्पे त्यांनी १९८० नंतर केली. ती आधी हाताने दाबलेल्या मातीची वाटतात आणि तोल जाऊ पाहणाऱ्या धडा-हातांच्या आकारांशी त्यांचे नाते आहे. कविता, कादंबरी व निबंध मिळून त्यांचे लेखन विपुल आहे. योर्न यांच्यावरील माहितीपट (१९७७) त्यांनी दिग्दर्शित केला. डॅनिश दिग्दर्शक लार्स फॉन ट्रिअर यांच्या ‘ब्रेकिंग द वेव्ह्ज’ (१९९६) या चित्रपटातील प्रकरणारंभीची निसर्गदृश्ये किर्कबी यांची आहेत. न्यूयॉर्क सिटी बॅलेसाठी त्यांनी नेपथ्यही केले. डॅनिश अकादमीचे ते १९८२ पासून सदस्य होते.

कोपनहेगनच्या शाही ग्रंथालयाच्या ‘काळा हिरा’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, १९९९ मध्ये खुल्या झालेल्या इमारतीतील सुमारे २१० चौ. मी. चे छतचित्र त्यांचे आहे. वाचनकक्षाकडे जाणारा वाचक त्याखालून जातो. डेन्मार्कमधील लुइझियाना कलासंग्रहालयात २००८ मध्ये आणि लंडनच्या टेट मॉडर्नमध्ये २००९ मध्ये त्यांच्या समग्र कार्याची प्रदर्शने भरली. २०१३ मध्ये जिन्यावरून पडून त्यांच्या मेंदूस गंभीर इजा झाली. त्यानंतर चालणे व परिचित चेहरे ओळखणे त्यांना कठीण झाले आणि रंगांची ओळखही क्षीण झाली. या अवस्थेचे चित्रण आने रेगिट्से विवेल यांच्या २०१५ मधील माहितीपटात आहे. त्याच वर्षी चित्रकार म्हणून आपले काम संपल्याचे त्यांनी सांगितले. कोपनहेगन येथे ते निधन पावले.