शिक्षणाने पगार नक्की किती वाढतो? वजाबाकी करून बघू

जास्त शिकलेल्याला पगार जास्त मिळतो हे सांगायला अर्थशास्त्रज्ञ कशाला हवा. भांडण आहे ते पुढच्या प्रश्नावरून. तो पगार शिक्षणामुळे मिळतो, की जो मुळातच हुशार, चिकाटीचा किंवा खात्यापित्या घरातला होता तोच जास्त शिकला आणि कमी शिकला असता तरी त्याने बऱ्यापैकी कमावलंच असतं? चिकाटीचा कॉलम कुठल्याच डेटामध्ये नसतो, सगळी गोची तिथेच आहे.

यावरचा एक भारी उपाय म्हणजे पॅनेल डेटा, म्हणजे दर वेळी नवीन माणसं न पकडता त्याच माणसांना वर्षानुवर्षं परत परत विचारत राहायचं. अमेरिकेत मिशिगन युनिव्हर्सिटीने 1968 मध्ये साधारण 5 हजार कुटुंबं घेऊन असा सर्व्हे सुरू केला, तो अजून चालू आहे, आणि त्या घरातली पोरं मोठी होऊन वेगळी राहायला लागली की सर्व्हेवाले त्यांच्याही मागे जातात. यात माणसाची तुलना त्याच्या स्वतःशीच करता येते. समजा एखादा कामगार यंदा युनियनचा मेंबर झाला आणि त्याचा पगार बदलला, तर त्याची हुशारी, स्वभाव, आईवडील गेल्या वर्षी होते तेच आहेत, त्यामुळे दोन वर्षांची वजाबाकी केली की ते सगळं उडून जातं. याला फिक्स्ड इफेक्ट म्हणतात. नाव जड आहे, पण आत बघायला गेलं तर वजाबाकीच आहे.

पण हीच ट्रिक शिक्षणाला लावायला गेलं तर शिक्षणच उडून जातं! लोक आधी शिकतात आणि मग नोकरीला लागतात, 25व्या वर्षी 16 वर्षांचं शिक्षण असेल तर 45व्या वर्षीही बहुतेक 16च असतं, आणि 16 वजा 16 म्हणजे शून्य. 1981 मध्ये हाउसमन आणि टेलर यांनी यातून वाट काढायची पद्धत दिली खरी, पण तिच्यासाठी बरीच गृहीतकं मान्य करावी लागतात.

मग नोकरी करता करता घेतलेल्या ट्रेनिंगचं काय? तिथे तरी आधी आणि नंतर बघता येईल ना? ऑर्ली अ‍ॅशनफेल्टर यांनी 1978 मध्ये अमेरिकेतल्या सरकारी ट्रेनिंगचा अभ्यास करताना बघितलं की ट्रेनिंगला येणाऱ्यांची कमाई आदल्या वर्षीच घसरलेली असते. साहजिक आहे, काम गेलं म्हणून तर लोक ट्रेनिंगला येतात! त्यातली काही घसरण पुढे आपोआप भरून निघणारच असते, पण आदल्या एकाच वर्षाशी तुलना केली तर ते सगळं क्रेडिट ट्रेनिंग खाऊन जातं. या खड्ड्याला आज अ‍ॅशनफेल्टर डिप असंच म्हणतात.

शाळेच्या प्रश्नावर याच माणसाने पुढे जी शक्कल लढवली ती मला सगळ्यात आवडते. तोच माणूस दोनदा बघून उपयोग नाही ना, मग एकसारखे दोन माणूस बघा. ओहायोमधल्या ट्विन्सबर्ग गावात दरवर्षी जुळ्यांचा मेळा भरतो, तिथे 1991 मध्ये अ‍ॅशनफेल्टर आणि अ‍ॅलन क्रूगर यांच्या टीमने जुळ्यांच्या मुलाखती घेतल्या. अगदी सारख्या दिसणाऱ्या जुळ्यांचे जीन्स एक, घर एक, मग शिक्षणातला फरक आणि पगारातला फरक एवढंच उरतं. यात एक अडचण अशी की जुळ्यांच्या शिक्षणात मुळात फरकच कमी असतो, त्यात एकाने स्वतःची वर्षं चुकीची सांगितली की ती चूकच फरक म्हणून मोजली जाते आणि शिक्षणाचा फायदा आहे त्यापेक्षा कमी दिसतो. म्हणून त्यांनी प्रत्येकाला स्वतःचं शिक्षण तर विचारलंच, वर तुझा जुळा किती शिकलाय तेही विचारलं, आणि दोन उत्तरं ताडून चूक दुरुस्त केली. 1994 च्या पेपरात उत्तर आलं, शाळेच्या एका जास्तीच्या वर्षामागे पगार 12 ते 16 टक्के जास्त. नंतर आणखी जोड्या घेऊन 1998 मध्ये परत हिशोब झाला तेव्हा आकडा 9 टक्क्यांच्या आसपास आला, आणि मला तोच जास्त पटतो.

तरी एक शंका राहतेच. सगळं सेम टू सेम असताना दोघांतला एकच जास्त का शिकला? दुसरा आजारी होता, की त्याला आधीच बरी नोकरी लागली? ते कारण पगारावरही परिणाम करत असेल तर जुळ्यांच्या वजाबाकीतही ते उडत नाही.