म्यानमार: २००७ चं भिक्खूंचं आंदोलन वेगळं, २०२१ चं सगळ्यांचं आंदोलन वेगळं

म्यानमारचा विषय निघाला की बरेच जण दोन आंदोलनं एकत्र कालवतात. भिक्खू रस्त्यावर उतरले, सगळे धर्म एक झाले, लष्कराने गोळ्या घातल्या, असं एका दमात सांगून मोकळे. गोळ्या दोन्ही वेळा चालल्या हे खरंय, पण बाकीच्यातलं अर्धं २००७ चं आहे आणि अर्धं २०२१ चं.

आधी २००७. सुरुवात धर्मावरून झालीच नव्हती, महागाईवरून झाली. १५ ऑगस्टला लष्करी सरकारने न सांगता इंधनाची सबसिडी काढली, डिझेल दुप्पट झालं, सीएनजी तर पाचपट, बसभाडं परवडेना. पहिले मोर्चे १९८८ च्या विद्यार्थी चळवळीतल्या जुन्या कार्यकर्त्यांनी काढले आणि ते लगेच आत गेले. मग ५ सप्टेंबरला पकोक्कू नावाच्या गावात, जिथे मोठमोठे विहार आहेत, सैनिकांनी भिक्खूंना मारहाण केली. इथून सगळं फिरलं. भिक्खूंनी १७ तारखेपर्यंत माफी मागा म्हणून मुदत दिली, सोबत भाव कमी करा, राजकीय कैदी सोडा अशाही मागण्या होत्या. माफी काही आली नाही, आणि १८ तारखेपासून त्यांनी भिक्षापात्र उलटं केलं.

आता हे भिक्षापात्र उलटं करणं म्हणजे नुसता फोटोपुरता निषेध नाही, विनयात, म्हणजे भिक्खूंच्या नियमांत, सांगितलेली रीतसर कारवाई आहे ती. जनरल आणि त्यांच्या घरच्यांकडून दान घ्यायचं नाही. म्यानमारमधल्या थेरवाद पंथाच्या बौद्ध समाजात दान देऊन पुण्य मिळतं, आणि घेणाराच नको म्हणाला तर तुम्ही कितीही पैसेवाले असा, पुण्य मिळवायचा तो रस्ताच बंद. जनरल लोकांना हे इतकं का झोंबलं असेल ते कळायला आपल्या रत्नागिरीपर्यंत यायला लागतं. ब्रह्मदेशात संघाचा, म्हणजे भिक्खूंच्या समुदायाचा, आश्रयदाता म्हणजे राजा. शेवटचा राजा थिबा, त्याला इंग्रजांनी १८८५ ला गादीवरून काढलं आणि रत्नागिरीत आणून ठेवलं, तिथेच तो १९१६ ला गेला, थिबा पॅलेस आपल्यापैकी अनेकांनी सहलीत बघितलाय. राजा गेला तशी ती जागा रिकामी झाली, आणि पुढे जनरल लोक पॅगोडे बांधून, सोन्याचे वर्ख चढवून, टीव्हीवर दान देताना दिसून त्याच जागेवर बसायला बघत होते. भिक्खूंनी नेमकं तेच नाकारलं.

मोर्च्यात घोषणा कमी आणि मेत्त सुत्ताचं, म्हणजे सगळ्यांचं भलं चिंतणाऱ्या सुत्ताचं, पठण जास्त, आपल्याकडे विहारांत म्हणतात तेच करणीय मेत्त सुत्त. सुरुवातीला तर भिक्खूच लोकांना सांगत होते की तुम्ही मध्ये येऊ नका, मग लोक हाताला हात धरून दोन्ही बाजूंनी साखळी करून चालायला लागले. २२ तारखेला मोर्चा नजरकैदेतल्या लोकशाहीवादी नेत्या आंग सान सू ची यांच्या दारापर्यंत गेला. २६-२७ ला लष्कर तुटून पडलं, रात्री विहारांवर धाडी पडल्या, जपानी पत्रकार केंजी नागाई भर रस्त्यात मारला गेला, इंटरनेट बंद. संयुक्त राष्ट्रांच्या प्रतिनिधीने किमान ३१ मृत्यू सांगितले. म्हणजे २००७ ला पुढे होता एकच धर्म, बाकीचे त्याच्या बाजूने.

२०२१ चं चित्र उलटं. १ फेब्रुवारीला लष्करप्रमुख मिन आंग हलाइंगने सत्ता घेतली आणि पहिले उठले ते सरकारी दवाखान्यांतले डॉक्टर आणि नर्स. काम बंद. मग शिक्षक, रेल्वेवाले, बँकवाले, रात्री आठला घरोघरी भांडी बडवणं. यात भिक्खू होते, पण अनेक गटांपैकी एक गट म्हणून, आणि त्यांच्या जोडीला नन, पाद्री, मुस्लिम, हिंदू आपापले फलक घेऊन. मिचीना शहरात सिस्टर ॲन रोझ नू तॉन्ग पोलिसांपुढे गुडघ्यावर बसल्या, मुलांना मारू नका, मला मारा म्हणाल्या, आणि समोरचे पोलीसही गुडघ्यावर बसले. तरी त्याच दिवशी, ८ मार्चला, तिथे गोळीबारात माणसं गेलीच. खरी सर्वधर्मीय एकी म्हणायची तर ती ही, अगदी २०१७ ला लष्कराने रोहिंग्या मुस्लिमांवर अत्याचार केले तेव्हा गप्प बसलो म्हणून तरुण पोरांनी उघड माफी मागेपर्यंत.

मग एवढ्या वर्षांत संघ मागे का पडला? मला वाटतं इथेच खरी गोम आहे. २००७ चे पुढारी भिक्खू तुरुंगात गेले किंवा देशाबाहेर. त्यातल्या गंबीरांना ६८ वर्षांची शिक्षा झाली, २०१२ च्या जानेवारीत सुटले. त्याच सुटकेत विराथूही बाहेर आला, जो मुस्लिमविरोधी चिथावणीसाठी २००३ पासून आत होता, आणि पुढच्या दहा वर्षांत आवाज वाढला तो विराथूचा. त्यामुळे २०२१ ला काही बडे भिक्खू लष्कराच्या जवळचे, बरेच गप्प, आणि मंडालेत मात्र अनेक जण रोज मोर्च्यात.

अजून एक फरक लोक विसरतात. २००७ चं आंदोलन शेवटपर्यंत जवळजवळ शांततेतच राहिलं आणि महिन्याभरात चिरडलं गेलं. २०२१ चं काही महिने शांततेत चाललं आणि मग तरुण जंगलात जाऊन बंदुका शिकले, त्याला ‘शांततामय आंदोलन’ म्हणायचं तर साधारण एप्रिलपर्यंतच.

फोटो ओळखायचा असेल तर: रांगेत फक्त भिक्खूंची गडद तांबडी वस्त्रं आणि बाजूला हातांची साखळी असेल तर बहुतेक २००७. निषेधाची खूण म्हणून तीन बोटं वर, डोक्यावर हेल्मेट, हातात मोबाईल दिसले की २०२१, मग त्यात भिक्खू असोत नाहीतर नसोत.