सळईवर घडलेला एडका

कार्थेज (आजच्या ट्युनिसियातले प्राचीन शहर), सार्डिनियातील थारोस आणि इबिझा बेटावरील प्युनिक, म्हणजे कार्थेजी लोकांच्या, दफनांत गळ्यात अडकवायची काचेची रंगीत लोलकं सापडतात. त्यांत दाढीवाले पुरुष जास्त, पण एडके आणि कोंबडेही आहेत. इ. स. पूर्व 7व्या शतकापासून पुढे काही शतके ती बनत राहिली. एडक्याचे डोके जेमतेम दोन-तीन सेंटिमीटर, तरी शिंगांची वळणे स्पष्ट दिसतात. हे काम साच्यातले नाही आणि फुंकलेलेही नाही. काच फुंकण्याची युक्ती इ. स. पूर्व पहिल्या शतकात आली.

काच वाळू, चुना आणि इजिप्तमधल्या नेट्रॉन या सोडायुक्त क्षाराची. चुना बहुधा वाळूतल्या शिंपल्यांच्या चुऱ्यातूनच येई. गडद निळ्यासाठी कोबाल्ट, पांढऱ्यासाठी कॅल्शियम-अँटिमनीचे संयुग, पिवळ्यासाठी शिसे-अँटिमनीचे.

धातूच्या सळईच्या टोकाला आधी मातीचा पातळ लेप देत. तो नसला तर काच धातूला चिकटून बसते. ओला राहिला तर वाफेने बुडबुडे येतात. लेप वाळल्यावर मऊ काच सळईवर गुंडाळायची, भट्टीच्या तोंडाशी सळई सतत फिरवत राहायची. फिरवणे थांबले की काच एका बाजूला ओघळते. मग चिमट्याने नाक-तोंड ओढून काढायचे. शिंगे म्हणजे काचेचा तापलेला धागा, दोन्ही बाजूंनी गोल वळवून बसवलेला. डोळ्यासाठी पांढरा ठिपका, त्यावर निळा. माथ्यावरची कडी वेगळी जोडलेली असते.

खरी जोखीम यानंतरची. रंगागणिक काच कमी-जास्त आकसते. शिशाची पिवळी काच तर निळीच्या आधीच मऊ पडते. पातळ कडी लवकर थंड होते, जाड डोके उशिरा, आणि हा ताण जोडावर येतो. म्हणून वस्तू 500 अंश सेल्सियसच्या आसपास ठेवून हळूहळू निववावी लागते. घाई केली की कडी तुटते. थंड होताना धातू काचेपेक्षा जास्त आकसतो, त्यामुळे सळई सैल होते आणि लेपाच्या जागेवरून सुटते.

मानेखालची पोकळी आणि तिच्या आत चिकटलेली माती हा या पद्धतीचा पुरावा. संग्रहालयात वस्तू साफ करताना ती माती खरवडून काढू नये. लेप कशाचा होता, ते तिच्यातूनच तपासता येते.