मिथेनॉल, यीस्ट आणि मधल्यामध्ये फॉर्मल्डिहाइड : थोडी पार्श्वभूमी

नागपुरात संत्र्याच्या सालीपासून इथेनॉल काढायचा प्रोजेक्ट दर दोन-चार वर्षांनी कोणी ना कोणी करतंच, अन् यीस्ट वाढलं नाही की खापर मिथेनॉलवर. सालीत पेक्टिन (फळाच्या पेशी एकत्र धरून ठेवणारा पदार्थ) भरपूर, ते तुटलं की थोडं मिथेनॉल सुटतं, इथवर बरोबर आहे. पण तेवढ्यानं यीस्ट मरत नाही बाप्पा, सालीच्या तेलातलं डी-लिमोनीन त्याच्या कितीतरी आधी यीस्टला आडवं करतं.

मुळात घोळ 'विषारी' या शब्दाचा आहे. बनावट दारूच्या बातम्या वाचून मिथेनॉल म्हणजे विष हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं, आणि मग माणसाचा हिशोब तसाच यीस्टला लावला जातो. माणसाच्या शरीरात मिथेनॉलचं फॉर्मल्डिहाइड होतं, ते फार टिकत नाही, लगेच फॉर्मेट (फॉर्मिक अ‍ॅसिडचंच रूप) होतं, आणि हे फॉर्मेट हळूहळू निघत असल्याने साचून डोळे आणि जीव घेतं. यीस्टमध्ये गणित बरंचसं उलटं. फॉर्मेटचा कार्बन डायऑक्साइड करणारं एन्झाइम यीस्टकडे असतं, त्यामुळे खरा मार फॉर्मल्डिहाइडचा, जे प्रथिनं आणि डीएनए एकमेकांना चिकटवून टाकतं. अर्थात फॉर्मिक अ‍ॅसिड निरुपद्रवी आहे असं नाही, माध्यम जास्त आम्ल असेल तर ते न विघटलेल्या रूपात पेशीच्या पडद्यातून आत घुसतं, आतला पीएच पाडतं आणि श्वसनाची साखळी अडवतं. खुद्द मिथेनॉलचा त्रास वेगळाच, ते जास्त झालं तर पेशीच्या पडद्याला झोंबतं, पण बेकरीचं साधं यीस्ट एखाद टक्का तरी सोसून घेतं, आणि फॉर्मल्डिहाइड मात्र त्याच्या कितीतरी कमी असलं तरी वाढ मंदावते. तीन वेगळ्या गोष्टी, अन् संशोधनाच्या पेपरांत तिन्हींना एकच नाव, मिथेनॉल टॉक्सिसिटी. काहून मग गोंधळ होणार नाही?

मिथेनॉल खाऊन वाढणारं यीस्ट असतं हे 1969 मध्ये जपानमधल्या एका गटानं दाखवलं. पुढे सगळ्यात गाजलं ते पिकिया पॅस्टोरिस, जे शंभरेक वर्षांपूर्वी फ्रान्समध्ये झाडाच्या रसात सापडलेलं होतं. 1995 मध्ये त्याला कोमागातेला म्हणायचं ठरलं, 2009 मध्ये कळलं की कामाचे बरेच स्ट्रेन (वाण) तर वेगळ्याच प्रजातीचे आहेत, लोक अजूनही पिकियाच म्हणतात, मी पण.

1970 च्या दशकात एका अमेरिकन तेल कंपनीनं स्वस्त मिथेनॉलवर हे यीस्ट वाढवून जनावरांसाठी प्रथिन काढायचं ठरवलं, आणि लिटरमागे 130 ग्रॅमपर्यंत कोरडा पेशीभार (वाळवलेल्या पेशींचं वजन) मिळवला सुद्धा. मग त्याच दशकातला तेलाचा भडका, मिथेनॉल महागलं आणि सोयाबीनची पेंड स्वस्त पडली. विदर्भात आज सगळीकडे सोयाबीन दिसतं, त्याच पिकानं हे यीस्ट बाजारातून हाकललं म्हणा ना.

पण वाढवायचं तंत्र हाती राहिलं होतं. 1980 च्या दशकात त्याच यीस्टमधलं एओएक्स1 हे जीन वेगळं झालं. मिथेनॉलचं फॉर्मल्डिहाइड करणारं एन्झाइम त्यातून बनतं, हे करताना पेशीला घातक हायड्रोजन पेरॉक्साइडही तयार होतं, म्हणून सगळा कारभार पेरॉक्सिझोम नावाच्या वेगळ्या कप्प्यात चालतो. या एन्झाइमला ऑक्सिजन नीट पकडता येत नाही, मग पेशी ते ढिगानं बनवते, विद्राव्य प्रथिनांच्या 30 टक्क्यांपर्यंत. ग्लुकोज किंवा ग्लिसरॉल असेल तर बंद, मिथेनॉल दिलं की चालू, असा हा स्विच दुसऱ्या प्रथिनांना जोडता येतो, म्हणजे मिथेनॉल देऊन यीस्टकडून हवं ते प्रथिन बनवून घेता येतं. एओएक्स1 काढून टाकलेले, हळू वाढणारे 'मट एस' स्ट्रेनही आहेत. ते मिथेनॉल कमी खातात, ऑक्सिजनही कमी मागतात, आणि माझ्या मते लहान लॅबनं तेच वापरावे, वेगाच्या नादाला लागू नये.

हैदराबादच्या एका कंपनीनं 1997 मध्ये याच यीस्टमधून हेपटायटिस बी ची लस बाजारात आणली, आणि 2021 च्या अखेरीस मंजुरी मिळालेल्या एका कोविड लशीचं प्रथिनही यातूनच.

पिकिया लॅबमध्ये वाढवताना फ्लास्कमध्ये मिथेनॉल अर्धा-एक टक्का घालायचं, दर 24 तासांनी, कारण ते उडूनही जातं. तापमान 28 ते 30 अंश, 32 च्या वर प्रथिन बिघडायला लागतं, वर पेशी मिथेनॉल वापरताना त्याची उष्णता निघतेच. आपल्याकडे मे महिन्यात बाहेर 45 असताना बिनकूलिंगच्या शेकरवर (फ्लास्क हलवत ठेवणारं यंत्र) पिकिया लावलं आणि वाढलं नाही, तं त्यात मिथेनॉलचा काय दोष?