चेन ताणली जात नाही, झिजते

सोलापुरात जुनी डिझेल गाडी विकणारा होटगी रोडवरचा असो की अक्कलकोट रोडवरचा, एक गोष्ट हमखास ऐकवतो : "हिला चेन आहे साहेब, बेल्ट नाही. आयुष्यभर बघायचं काम नाही." यातलं पहिलं वाक्य बहुधा खरं असतं.

चार स्ट्रोकच्या इंजिनात क्रँकचे (पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याचे) दोन फेरे होतात तेव्हा कॅमचा (व्हॉल्व्ह, म्हणजे झडपा, उघडणाऱ्या दांड्याचा) एक होतो. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला २५ वेळा उघडतो. बहुतेक डिझेल इंजिनांत वर आलेला पिस्टन आणि उघडा व्हॉल्व्ह यांची जागा एकच असते. भांडण टळतं ते केवळ वेळ पाळल्यामुळे. वेळ चुकली की व्हॉल्व्ह वाकतात आणि हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, उतरवावं लागतं. ही वेळ जुन्या इंडिका डिझेलमध्ये बेल्ट सांभाळतो, स्विफ्ट डिझेलमध्ये चेन.

बेल्टचं गणित सोपं. काचतंतूंच्या दोरांवर चढवलेलं ते रबर असतं, आणि रबर उष्णतेने, तेलाच्या ओलीने म्हातारं होतं. आपल्याकडे मे महिन्यात बाहेरच पारा चाळिशीच्या वर, बॉनेटखालचं विचारूच नका. म्हणून पुस्तिकेत किलोमीटर आणि वर्षं दोन्ही दिलेली असतात; जे आधी भरेल ते धरायचं. गाडी दारात उभी होती, ही सबब चालत नाही. तुटण्याआधी बेल्ट बहुधा आवाजही करत नाही.

खरी मजा चेनमध्ये आहे. "चेन ताणली" असं मेस्त्री म्हणतो, पण पोलाद रबरासारखं ताणलं जात नाही. प्रत्येक कडीतली पिन आपल्या भोकात घासून झिजते, आणि ती झीज बेरजेने वाढते. क्रँकपासून कॅमपर्यंतच्या ओढणाऱ्या बाजूला ५० कड्या धरू आणि प्रत्येक सांध्यात ०.०२ मिमी झीज. केसाच्या जाडीहून कमी! पण ५० सांध्यांची मिळून झाली १ मिमी. कॅमच्या चक्राची त्रिज्या ५० मिमी असेल तर कॅम १/५० रेडियन, म्हणजे सुमारे १.१५ अंश मागे पडतो. क्रँकच्या हिशेबात दुप्पट, २.३ अंश. टेन्शनर, म्हणजे चेन ताणून धरणारा भाग, असतो सैल बाजूला. तो ढिलाई खेचून घेतो, पण ओढणाऱ्या बाजूची वाढलेली लांबी त्याला भरून काढता येत नाही. आवाज नसतानाही वेळ सरकलेली असू शकते ती अशी.

ही झीज किलोमीटरपेक्षा ऑइलवर जास्त अवलंबून असते. डिझेलची काजळी ऑइलमध्ये मिसळते आणि पिनांवर घासणीचं काम करते. आषाढीला पंढरपूरच्या रस्त्यावर एसी लावून तासन्‌तास उभ्या राहिलेल्या गाडीचा काटा हलत नाही, चेन मात्र फिरतच असते. दर शनिवारी लिंबू-मिरची बदलणाऱ्यांनी ऑइलची तारीखही तेवढ्याच निष्ठेने पाळली तर बरं. आणि "चेन घट्ट करणाऱ्या" बाटल्यांबद्दल एवढंच, की झिजून गेलेलं पोलाद बाटलीतून परत येत नाही.

मग बदलायची कधी? सकाळी थंड इंजिन चालू करताना पुढच्या बाजूने दोन-तीन सेकंद खडखड येत असेल, तर कान द्या. बऱ्याच इंजिनांत टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो आणि दाब चढेपर्यंत चेन मोकळी असते. त्यामुळे दोष कधी नुसत्या टेन्शनरचाही असतो. गाडीतले बिघाड वाचणाऱ्या स्कॅनरवर पी-००१६ हा कोड आला, तर क्रँक आणि कॅमचा मेळ बसत नाही असा अर्थ. त्याला सेन्सर किंवा वायरिंगही कारण असतं, म्हणून आधी ते तपासून घ्यावं. टेन्शनर किती बाहेर आलाय हेही मोजता येतं, कारण त्याच्या दांड्याला मर्यादा असते.

उघडलंच तर चेनबरोबर गाइड (चेन जिच्यावरून सरकते ती पट्टी), टेन्शनर आणि दातेरी चक्रंही बदला. जुन्या दात्यांवर नवी चेन लवकर झिजते, आणि मजुरी दोनदा जाते. जुनी बेल्टवाली गाडी घेतली आणि बेल्ट कधी बदलला याचं बिल मिळालं नाही, तर तो बदललेलाच नाही असं समजून आधी गॅरेजला न्या. पाण्याचा पंपही त्याच बेल्टवर फिरत असेल तर तोही त्याच वेळी.