त्रिशंकू संसद (ब्रिटन) : अनिर्णित निकालावर उमटलेले जनमत

सार्वत्रिक निवडणुकीत कोणत्याही एका पक्षाला स्पष्ट बहुमत न मिळाल्यास जे सभागृह तयार होते, त्याला त्रिशंकू संसद म्हणतात. ब्रिटनच्या हाउस ऑफ कॉमन्समध्ये ६५० जागा असल्याने बहुमताचा आकडा ३२६ धरला जातो. प्रत्यक्षात तो थोडा खाली येतो, कारण सभागृहाचे स्पीकर व त्यांचे उपाध्यक्ष मतदान करत नाहीत आणि उत्तर आयर्लंडमधून निवडून येणारे ब्रिटिश सत्ता न मानणाऱ्या शिन फेन पक्षाचे खासदार वेस्टमिन्स्टरमध्ये आपली जागा घेतच नाहीत. इंग्रजांच्या बोलण्यात अशी संसद ‘टांगलेली’ असते. मराठीने तिला विश्वामित्राने सदेह स्वर्गात धाडलेल्या आणि इंद्राने खाली ढकललेल्या राजाचे नाव दिले. नाव चपखल आहे, पण त्रिशंकूला निदान स्वर्गात जायचे होते. त्रिशंकू संसद मात्र सहसा कोणीच मागितलेली नसते.

निकालानंतरच्या प्रतिक्रिया समजून घेताना हा मुद्दा फार महत्त्वाचा ठरतो. ब्रिटिश मतपत्रिकेवर फक्त आपल्या मतदारसंघातल्या उमेदवारांची नावे असतात. मतदार त्यांपैकी एका नावापुढे पेन्सिलीने फुली मारतो. ‘कोणालाच बहुमत नको’ असा रकाना तिथे नसतो आणि ‘या दोघांनी मिळून राज्य करावे’ असाही नसतो. तरीही निकालाच्या दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रे लिहितात की जनतेने सर्व पक्षांना एकत्र काम करायला सांगितले, किंवा जनतेने कोणावरच विश्वास ठेवला नाही. जनता असे एकमुखाने काहीच बोललेली नसते. कोट्यवधी वेगवेगळ्या फुल्यांच्या बेरजेतून ते आकडे आलेले असतात, आणि त्यांचा अर्थ लावण्याची ओढाताण हेच अशा दिवसांतले खरे राजकारण असते.

२०१० पूर्वीचे प्रसंग

जानेवारी १९१० मध्ये लिबरल पक्षाला २७४ आणि कॉन्झर्व्हेटिव्ह व त्यांच्या मित्रांना २७२ जागा मिळाल्या. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पुन्हा निवडणूक झाली, तरी चित्र जवळपास तेच राहिले. १९२३ च्या निकालातून जानेवारी १९२४ मध्ये रॅम्से मॅकडोनाल्ड यांचे पहिले लेबर सरकार आले. १९२९ मध्येही मॅकडोनाल्ड बहुमताविनाच पंतप्रधान झाले. त्यानंतर फेब्रुवारी १९७४ उजाडेपर्यंत ब्रिटिश मतदारांच्या दोन पिढ्यांना असा निकाल ठाऊकच नव्हता.

कोळसा खाणकामगारांचा संघर्ष आणि वीज वाचवण्यासाठी लादलेला तीन दिवसांचा कामाचा आठवडा, या वातावरणात कॉन्झर्व्हेटिव्ह पंतप्रधान एडवर्ड हीथ यांनी ‘देशावर राज्य कोणाचे?’ असा प्रश्न विचारत ती निवडणूक घेतली. मतदान ७८.८ टक्के झाले. हीथ यांच्या पक्षाला मते जास्त मिळाली (३७.९ टक्के, लेबरला ३७.२), पण जागा लेबरला जास्त : ३०१ विरुद्ध २९७. लिबरल पक्षाला साठ लाख मते आणि जागा अवघ्या १४. राणी एलिझाबेथ ऑस्ट्रेलियाचा दौरा अर्धवट सोडून परतल्या. लिबरल नेते जेरेमी थॉर्प यांच्याशी हीथ यांची बोलणी फसली आणि ४ मार्चला लेबरचे हॅरॉल्ड विल्सन सत्तेवर आले. ऑक्टोबरमध्ये त्यांनी पुन्हा कौल मागितला, तेव्हा मतदान ७२.८ टक्क्यांवर घसरले आणि विल्सन यांना जेमतेम ३ जागांचे बहुमत मिळाले. साठ लाख मतांना १४ जागा, हे गणित मात्र लोकांच्या मनात राहिले. मतदान पद्धत बदलण्याची मागणी पुढची चाळीस वर्षे त्याच आकड्याच्या आधारे उभी राहिली.

मे २०१० : रांगा

६ मे २०१० च्या निवडणुकीआधी ब्रिटनमध्ये प्रथमच पक्षनेत्यांच्या दूरचित्रवाणी चर्चा झाल्या. १५ एप्रिलच्या पहिल्या चर्चेत लिबरल डेमोक्रॅट नेते निक क्लेग चमकले. इतर दोघे, लेबरचे पंतप्रधान गॉर्डन ब्राउन आणि कॉन्झर्व्हेटिव्ह नेते डेव्हिड कॅमेरन, सारखे ‘निकशी सहमत’ होत राहिले आणि ते शब्द टी-शर्टांवर छापले गेले. मतदान २००५ च्या ६१.४ टक्क्यांवरून ६५.१ टक्क्यांवर गेले.

या वाढलेल्या उत्साहाची तयारी अनेक केंद्रांवर नव्हती. ब्रिटनमध्ये सकाळी ७ ते रात्री १० मतदान चालते, आणि तेव्हाच्या कायद्यानुसार दहाच्या आत मतपत्रिका हाती पडली तरच मत देता येत असे. शेफील्ड, मँचेस्टर, बर्मिंगहॅम, लीड्स आणि लंडनच्या हॅकनी व लुइशॅम या भागांत लोक चर्चच्या सभागृहांबाहेर, शाळांच्या आवारांत तासन्‌तास उभे राहिले आणि दहाच्या ठोक्याला त्यांच्या तोंडावर दार बंद झाले. लिव्हरपूलमध्ये काही ठिकाणी मतपत्रिकाच संपल्या. शेफील्ड हॅलम हा तर खुद्द क्लेग यांचा मतदारसंघ. तिथल्या एका केंद्रावर विद्यार्थ्यांची रांग वेगळी केली आणि रहिवाशांना पुढे घेतले, अशी तक्रार झाली. हॅकनीत लोकांनी केंद्रातच ठिय्या मारला. निवडणूक आयोगाच्या चौकशीत १६ मतदारसंघांतल्या २७ ठिकाणी मिळून १,२०० हून अधिक लोकांचे मत बुडाल्याचे आढळले.

चार कोटींहून अधिक मतदारांच्या देशात १,२०० हा आकडा किरकोळ वाटेल. तसे मानणे योग्य नाही. बहुमत कोणाला आणि युती कोणाशी यावर त्या आठवड्यात हजारो तास चर्चा झाली; रांगेत उभ्या असलेल्यांचे म्हणणे त्याआधीचे आणि त्याहून साधे होते : आमचे मत मोजलेच नाही. २०१३ मध्ये कायदा बदलला आणि दहा वाजता रांगेत असलेल्या प्रत्येकाला मत देण्याचा हक्क मिळाला.

पाच दिवस

रात्री १० वाजता मतदानोत्तर चाचणी जाहीर झाली : कॉन्झर्व्हेटिव्ह ३०७, लेबर २५५, लिबरल डेमोक्रॅट ५९. क्लेग यांच्या पक्षाच्या जागा घटतील यावर स्टुडिओतल्या कोणाचाच विश्वास बसेना. अखेरचे आकडे ३०६, २५८ आणि ५७ आले. उत्तर यॉर्कशरमधल्या थर्स्क आणि माल्टनचे मतदान एका उमेदवाराच्या निधनामुळे २७ मेपर्यंत लांबले होते, तो मतदारसंघही यात धरला आहे. लिबरल डेमोक्रॅटांची मते वाढून २३ टक्क्यांवर गेली आणि तरीही त्यांच्या पाच जागा कमी झाल्या.

ब्रिटनची रीत अशी की रात्री निकाल लागतो आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत नवा पंतप्रधान १० डाउनिंग स्ट्रीटच्या दारात उभा राहतो. मध्ये काळजीवाहू आठवडे नसतात. त्यामुळे पाच दिवसांची वाट त्या लोकांना फार मोठी वाटली. २०१९ मध्ये २४ ऑक्टोबरचा निकाल, राष्ट्रपती राजवट आणि पहाटेचा शपथविधी पाहून २८ नोव्हेंबरला सरकार स्थापन होताना पाहिलेल्या महाराष्ट्रातल्या वाचकाला ही अस्वस्थता कळायला थोडे थांबावे लागेल. त्यांच्यासाठी सवयच मोडली होती. राजीनामा केव्हा द्यायचा, आधी बोलणी कोणी करायची, याचे नियम बहुतेक प्रथेवर चालत. त्यांचा मसुदा कॅबिनेट सचिव गस ओ’डॉनेल यांनी जेमतेम तीन महिन्यांपूर्वी कागदावर आणला होता. त्यानुसार पर्याय ठरेपर्यंत गॉर्डन ब्राउन यांनी पदावर राहणे हे कर्तव्यच होते. पण ‘सन’ या दैनिकाने त्यांना सरकारी घरात घुसून बसलेला माणूस ठरवले. घटनेच्या दृष्टीने ते चुकीचे होते, तरी हरलेला माणूस अजून आत कसा, हा अनेकांच्या मनातला प्रश्न त्यात उतरला होता.

शनिवारी, ८ मे रोजी, दुसऱ्या महायुद्धातील विजयाच्या ६५ व्या स्मृतिदिनी ब्राउन, डेव्हिड कॅमेरन आणि क्लेग स्मारकापाशी हातात पुष्पचक्र घेऊन शेजारी शेजारी उभे होते. त्याच दुपारी ट्राफल्गार चौकातून सुमारे हजार लोक जांभळे कपडे, जांभळ्या फिती आणि फलक घेऊन स्मिथ स्क्वेअरकडे निघाले. तिथे लिबरल डेमोक्रॅट खासदारांची बैठक चालू होती. तिन्ही मोठ्या पक्षांपैकी एकाचाही रंग जांभळा नव्हता. मागणी एकच होती : मतांच्या प्रमाणात जागा. क्लेग बैठक सोडून बाहेर आले आणि हातात कर्णा घेऊन त्यांच्याशी बोलले. बोलणी करणाऱ्या पक्षाच्या दारात येऊन ‘हा मुद्दा विकू नका’ असे लोकांनी भर बैठकीत बजावण्याचा प्रसंग ब्रिटनच्या राजकारणात विरळाच. त्या आठवड्यातली सर्वांत नेमकी प्रतिक्रिया हीच होती, कारण कोण जिंकले यापेक्षा मोजण्याची पद्धत काय, हे तिने विचारले.

इतरांच्या प्रतिक्रिया आपापल्या फुलीला धरून होत्या. कॉन्झर्व्हेटिव्ह कार्यकर्त्यांना बहुमत थोडक्यात हुकल्याची रुखरुख होती, आणि दूरचित्रवाणीवर क्लेग यांना बरोबरीचे स्थान दिल्याचा रागही. कॉन्झर्व्हेटिव्हांना रोखण्यासाठी लिबरल डेमोक्रॅटांना मत दिलेले लोक धास्तावले होते. लेबर आणि लिबरल डेमोक्रॅट एकत्र आले तरी बेरीज ३१५ च होत होती. १० मे रोजी ब्राउन यांनी पक्षनेतेपद सोडण्याची घोषणा करताच, ब्राउन यांच्यासारखाच निवडणूक न जिंकता आलेला आणखी एक पंतप्रधान येणार का, असा गदारोळ उठला. त्या संध्याकाळी स्काय न्यूज वाहिनीवर तिचे राजकीय संपादक अ‍ॅडम बोल्टन आणि लेबरचे माजी प्रसिद्धिप्रमुख अ‍ॅलेस्टर कॅम्पबेल यांची थेट प्रक्षेपणातच जुंपली. वार्ताहराचाही तोल जावा इतका देश ताणलेला होता. शेअर बाजार शुक्रवारी घसरला, तेव्हा दोष त्रिशंकू निकालाला दिला गेला. पण ग्रीसच्या कर्जसंकटाने युरोपभर बाजार पडत होते, आणि सोमवारी युरोपीय संघाच्या मदत योजनेची बातमी येताच लंडनचा निर्देशांक पाच टक्क्यांहून अधिक उसळला. तेव्हा लंडनमध्ये सरकार ठरलेलेच नव्हते.

राष्ट्रकुलाचे नागरिक म्हणून ब्रिटनमध्ये राहणाऱ्या भारतीयांना संसदेच्या निवडणुकीत मत देता येते. त्यामुळे नोकरीनिमित्त तिथे असलेल्या मराठी माणसांनाही हा निकाल घडवण्यात वाटा होता. मूळ गोव्याच्या कुटुंबातल्या व्हॅलेरी वाझ याच वेळी वॉल्सॉल साउथमधून पहिल्यांदा निवडून आल्या. त्यांचे भाऊ कीथ आधीपासून लेस्टर ईस्टचे खासदार होते.

११ मेच्या संध्याकाळी ब्राउन दारापाशी छोटेसे भाषण करून पत्नी आणि दोन लहान मुलांचा हात धरून चालत निघाले. त्या मुलांना देशाने एकत्र असे क्वचितच पाहिले होते. चार दिवस त्यांच्यावर तुटून पडलेला सूर त्या दृश्याने मवाळ झाला. दुसऱ्या दिवशी युतीचे नवे पंतप्रधान कॅमेरन आणि उपपंतप्रधान क्लेग पंतप्रधान निवासाच्या बागेत उन्हात उभे राहून हसत बोलले.

‘याला मत दिले कोणी?’

युतीविषयीचे बरे मत फार दिवस टिकले नाही. लिबरल डेमोक्रॅटांच्या सर्व ५७ खासदारांनी विद्यापीठ शुल्कवाढीला विरोध करण्याची लेखी शपथ घेतली होती. डिसेंबर २०१० मध्ये शुल्काची मर्यादा ९,००० पौंडांवर नेण्याच्या बाजूने त्यांच्यातल्या अनेकांनी मत दिले. विद्यार्थी रस्त्यावर उतरले. ‘या युतीला कोणी मत दिलेच नव्हते’ हा वाक्प्रचार तेव्हा रूढ झाला. तो अक्षरशः खरा होता. तसा तो प्रत्येक युतीबाबत खरा असतो, आणि छत्तीस टक्क्यांच्या जोरावर एकट्याने राज्य करणाऱ्या पक्षाबाबतही चौसष्ट टक्के लोक तेच म्हणू शकतात.

स्मिथ स्क्वेअरच्या मागणीतून निघाले ते फक्त पसंतीक्रमाच्या मतदानावरचे सार्वमत. ५ मे २०११ रोजी ६७.९ टक्के लोकांनी ते नाकारले. नव्या पद्धतीत वारंवार त्रिशंकू संसदा येतील आणि वचने मोडली जातील, हा विरोधकांचा मुख्य युक्तिवाद होता, आणि क्लेग यांचा चेहरा त्यासाठी वापरला गेला. २०१५ मध्ये त्यांच्या पक्षाला ८ जागा उरल्या. त्या निवडणुकीत त्रिशंकू निकालाची भीती हेच प्रचाराचे हत्यार झाले : स्कॉटिश राष्ट्रवाद्यांच्या खिशात बसलेल्या लेबर नेत्याचे चित्र फलकांवर झळकले. चाचण्या त्रिशंकूच सांगत होत्या. बहुमत कॅमेरन यांना मिळाले.

स्कॉटलंड आणि वेल्समध्ये ही भीती इतकी पसरण्याचे कारण नव्हते. एडिंबरामधल्या स्कॉटिश संसदेत १९९९ पासून युतीची, तर २००७ ते २०११ मध्ये अल्पमतातले सरकार चाललेले लोकांनी पाहिले होते.

२०१७ आणि नंतर

८ जून २०१७ रोजी कॉन्झर्व्हेटिव्ह पंतप्रधान थेरेसा मे यांनी हाती असलेले बहुमत गमावले : कॉन्झर्व्हेटिव्ह ३१७, लेबर २६२. तरीही दुसऱ्या दिवशीच्या भाषणात त्यांनी पराभवाचा उल्लेख टाळला. याचाच लोकांना सर्वाधिक राग आला. पक्षातल्या पडलेल्या उमेदवारांची माफी त्यांना नंतर मागावी लागली. उलट लेबरचे तरुण समर्थक हरूनही जल्लोष करत होते. उत्तर आयर्लंडच्या डेमोक्रॅटिक युनियनिस्ट पक्षाच्या १० खासदारांचा पाठिंबा घेताच डाउनिंग स्ट्रीटबाहेर निदर्शने झाली. गर्भपात आणि समलिंगी विवाहाला विरोध करणारा पक्ष सरकारला टेकू देणार, ही चिंता त्यामागे होती. २६ जूनच्या करारात उत्तर आयर्लंडला एक अब्ज पौंड जादा मिळाल्यावर, आम्हाला का नाही, असा सवाल वेल्स आणि स्कॉटलंडमधून आला.

त्या संसदेने मे यांचा ब्रेक्झिट करार तीनदा फेटाळला. मार्च २०१९ मध्ये लंडनच्या रस्त्यांवर प्रचंड मोर्चा निघाला आणि युरोपीय संघातून बाहेर पडण्याची नोटीस मागे घ्यावी या अर्जावर साठ लाखांहून अधिक लोकांनी सह्या केल्या. सरकारने नकार दिला. १२ डिसेंबर २०१९ रोजी मतदारांना तीन वर्षांहून कमी काळात दुसऱ्यांदा मतदान केंद्रावर जावे लागले, आणि बोरिस जॉन्सन ८० जागांच्या बहुमताने परतले.